मामा, कॉफी!

फिल्टरमधून ताज्या कॉफीचा वास सुटला की मला आमची कानडी मुलखातली, चामराजपेटेतली ओसरी आठवते. हिंदू विवाहाचा नवा कायदा नुकताच आला होता आणि माझं लग्न आईच्या धाकट्या भावाशी, म्हणजे माझ्या सख्ख्या मामाशी ठरलं होतं. पुण्याहून आलेले आमचे एक वकील नातेवाईक अण्णांना म्हणाले, "मामा-भाचीचं लग्न? कायद्यानं बाद होईल! घराण्यात रूढी असेल तरच सूट आहे, पण ती सिद्ध करावी लागते." अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, चेहराच उतरला. दाराआड मी अर्धा ओवलेला गजरा हातात घट्ट धरून उभी होते. तेवढ्यात स्वयंपाकघरातून एका काकूनं रोजच्यासारखी, 'जरा'ऐवजी कानडी 'स्वल्प' वापरून, नवऱ्याला हाक मारली, "मामा, कॉफी झाली, या स्वल्प!" आणि ओसरीवरचे माझे तिन्ही काका एकदम उठले. तिघांच्याही बायका त्यांच्या भाच्याच! वकीलसाहेब आधी गोंधळले, मग पोट धरधरून हसले. "अण्णा, एवढे साक्षीदार पुरेत. मुहूर्त काढा!" आता आमच्या ह्यांना माझं काहीच ऐकू येत नाही; पण स्वयंपाकघरातून "मामा, कॉफी!" म्हटलं, की पहिल्या हाकेला हजर.