शेवंताबाईंचा मुक्काम

बायांनो, जरा जवळ सरका. त्या खांबाला टेकून बसलेल्यांनीही पुढं या, उगीच लांबून माना हलवू नका. आता मंडळाच्या अंकात लिहितेय म्हणून मी काही वेगळी बोलणार नाही, बोलते तशीच लिहिणार. आणि आधी थोडं रागवणार. परवा हळदीकुंकवाला आपल्यातल्या एकीनं नवऱ्याच्या घोरण्याची नक्कल केली आणि आपण सगळ्या इतक्या हसलो की माझ्या हातातला चहा साडीवर सांडला. असं हसू नये गं. मीच सगळ्यात जास्त हसले, म्हणून मलाच सांगावं लागतंय.

मंडळानं ‘आठवणीतली व्यक्ती’ लिहून मागितली. बाकीच्यांनी गेलेल्या माणसांवर लिहिलंय. माझी व्यक्ती चांगली हिंडतीफिरती आहे. कंधारजवळच्या गावात राहते, अजून स्वतः उभं राहून शेतातली तूर काढून घेते. माझ्या सुनेची, मीराची आई, शेवंताबाई. तुम्ही त्यांना पाहिलंय, पण एवढंच पाहिलंय की सकाळच्या बसनं आल्या आणि चार वाजले की पिशवीला गाठ मारायला लागल्या. ऊन असो, पाऊस असो, नातीला ताप असो. चार वाजले की पायात चपला. “अहो राहा की आजची रात्र,” म्हटलं की ठरलेलं उत्तर, “न्हाई ईनबाई, आमच्यात लेकीच्या घरी मुक्काम करत न्हाईत.” मला त्या ईनबाईच म्हणतात. त्यांच्याकडं विहिणीला तसंच म्हणतात.

मला त्या रिवाजाचं फार कौतुक वाटायचं. लातूरच्या माझ्या बहिणींना मी फोन करून सांगायची, बघा, अजून अशी माणसं आहेत म्हणून.

उंच, हाडापेरानं मोठी बाई. नवरा लवकर गेला, तेव्हापासून शेत, बैल, बाजार सगळं स्वतः पाहिलेलं. कुठलीही वस्तू हातात आली की आधी ती उलटीपालटी करून बघणार, ओढून बघणार, वास घेणार आणि मग निकाल देणार. माझा नवा मिक्सर आला तेव्हा त्याच्यापुढं उकिडवं बसून म्हणाल्या, “आवाज लई करतंय, पण काम इमानदारीनं करतंय.” आणि लगेच काही आठवल्यासारख्या गप्प झाल्या. त्या गप्प का झाल्या ते मला तेव्हा समजलं नाही. समजायला पाहिजे होतं.

कारण आवाजाचं सगळं मीच करून ठेवलं होतं.

मीराचं पहिलं बाळंतपण खरं तर माहेरी व्हायचं, पण डॉक्टर म्हणाले लांब जाऊ नका, म्हणून ते नांदेडलाच, आमच्याकडं झालं. बारशासाठी शेवंताबाई तीन दिवस आधी आल्या. डिंकाचे लाडू, हातानं शिवलेली कुंची, गोधडी, सगळं घेऊन. बाळंतिणीला झोप मिळावी म्हणून रात्री त्या आमच्याबरोबर हॉलमध्ये झोपायच्या. माझ्या दोघी बहिणी, मी आणि त्या, एका ओळीत. पाठ टेकली की दुसऱ्या मिनिटाला त्यांचं घोरणं सुरू. खरंच मोठं होतं, मी खोटं कशाला लिहू? बहीण माझा हात दाबायची आणि आम्ही दोघी पांघरुणात तोंड खुपसून हसायचो.

बारशाच्या दिवशी तुम्ही सगळ्या होतात. पाळणा म्हणून झाला, बाळ झोपलं, कोणीतरी म्हणालं, आता आईच्या आईला पाळण्याजवळ बसू द्या. शेवंताबाई पदर सावरत पुढं निघाल्या. आणि मला त्या दिवशी काय झालं होतं कोण जाणे. मुलाची आई होते, घर भरलेलं, सगळ्यांचं लक्ष माझ्याकडं. मी म्हटलं, “अगं बाई, त्यांना नका बसवू तिथं! तीन रात्री झाल्या, आमच्या हॉलमध्ये मळणीयंत्र चालू आहे. लेकरू दचकून उठेल!”

काय हसलात तुम्ही. मला तर धन्य वाटलं. शेवंताबाईही हसल्या, पदर तोंडाला लावून हसल्या. पण पाळण्याकडं निघालेलं पाऊल त्यांनी मागं घेतलं आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. मुलीची आई सासरच्या माणसांना उलटून काय बोलणार? त्याच दिवशी चारला त्यांनी पिशवी उचलली आणि पहिल्यांदा ते वाक्य बोलल्या, आमच्यात लेकीच्या घरी मुक्काम करत न्हाईत.

आता बघा माझी अक्कल. तीन रात्री राहिलेली बाई चौथ्या दिवशी असं म्हणते आणि मला त्यात काही खटकलं नाही.

पुढं एकदा मीरा म्हणाली, “आईला घोरण्याचं वाईट वाटतं हो.” म्हटलं, असं होय! मग त्यावर इलाज करू. क्षमा मागणं मला सुचलंच नाही, वस्तू मागवणं सुचलं. मुलाच्या मोबाइलवर शोधायला लागले. घोरणं थांबवायच्या इतक्या वस्तू निघतात, मला माहीतच नव्हतं! एकेक मागवायची आणि मीराबरोबर कंधारला पाठवायची. त्या प्रत्येक वस्तू आठ-पंधरा दिवस वापरायच्या. “वापरल्याबिगर नाव ठेवू न्हाई,” हे त्यांचं नेहमीचं. आणि मग दुपारी निवांत फोन.

पहिल्यांदा नाकावर आडवी चिकटवायची पट्टी पाठवली. फोन आला, “ईनबाई, नाक लई मोकळं झालं. पण आवाजबी मोकळा झाला हो.”

मग नाकपुड्यांत अडकवायची बारकी रबरी चिमटी. “मालक गेल्यापासून नाकात काही घातलं न्हवतं, तुमी घालायला लावलं. पर नथ काही टिकत न्हाई. सकाळी गादीत धुंडत बसावं लागतंय.”

मग हनुवटीखालून डोक्यावर बांधायचा पट्टा, तोंड मिटलेलं राहावं म्हणून. तो त्यांनी ओढून, ताणून बघितला असणार. “शिलाई पक्की हाय. म्होरकीच हाय की ही! पर म्होरकी घातली म्हून बैल डरकायचा राहतो का? तोंड मिटलं तर नाकातून डरकून राहिले मी.”

मग गरम पाण्यात मऊ करून दातांत धरायचा साचा. ह्या वेळी त्या फोनवर आधी नुसत्याच हसत होत्या. “ईनबाई, माजी वरची कवळी रात्री वाटीत असती. साचा कुणाला घालू, वाटीला?”

मग मधे खळगा असलेली महागाची उशी. “उशी लई गोड हाय. मान दुखायची राहिली. घोरणं हाय तिथंच हाय.” मधे त्यांनी स्वतःचीच एक युक्ती केली, पोलक्याच्या पाठीला खिसा शिवून त्यात नातीचा रबरी चेंडू घातला. उताणं झालं की चेंडू टोचणार आणि माणूस कुशीवर वळणार. “हे जरा चाललं बगा. आवाज निम्मा. पर खांदा मोडून राहिला.”

मी हे फोन तुम्हालाही रंगवून सांगत होते, आठवत असेल. आणि प्रत्येक फोनच्या शेवटी त्या काय म्हणायच्या, ते मात्र मी कोणाला सांगितलं नाही, कारण माझंच लक्ष नव्हतं. “आजून न्हाई जमलं ईनबाई. जमलं की कळवते.” मला वाटायचं, बाई किती अगत्याची, पाठवलेल्या वस्तूचा हिशेब देते.

दोन वर्षांपूर्वी चुलीपुढं भाकरी थापता थापता त्यांचा डोळा लागला. बसल्या जागी. पदराला जाळ लागला, हात भाजला. शेजारीण धावली म्हणून थोडक्यात निभावलं. तशी डुलकी त्यांना बसमध्ये लागायची, भजनात लागायची, आमच्या सोफ्यावरही लागायची. त्यालाही मी हसलेलेच होते. मीरानं हट्टानं नांदेडला आणून डॉक्टरांना दाखवलं. मी बरोबर गेले. दवाखान्यातच रात्रभर अंगाला वायरी लावून झोपेची तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले, घोरता घोरता ह्यांचा श्वास मध्येच थांबतो, पुन्हा सुरू होतो, पुन्हा थांबतो. रात्रभर पडून राहूनही ह्यांची झोप होत नाही. हे इतकी वर्षं अंगावर का काढलं?

शेवंताबाईंनी पिशवीतून बिस्किटाचा पत्र्याचा डबा काढला आणि टेबलावर ठेवला. आत पट्ट्या, चिमटी, म्होरकी, साचा, चेंडू, सगळं स्वच्छ पुसून ठेवलेलं. आणि कसल्या अभिमानानं म्हणाल्या, “अंगावर न्हाई काढलं सायेब. आमच्या ईनबाईंनी लई केलं. सख्खी बहीण करणार न्हाई एवढं केलं.”

डॉक्टर चांगले होते. एकेक वस्तू उचलून सांगायला लागले. पट्टी ज्याचं नाकच चोंदतं त्याच्या उपयोगाची, चिमटीचंही तसंच. पट्ट्यानं तोंड मिटतं, घशातली अडचण सुटत नाही. साचा काहींना छान लागू पडतो, पण तो दंतवैद्याकडून मापानं करून घ्यावा आणि धरायला दात हवेत. कुशीवर झोपणं चांगलं, ह्यांचा चेंडू त्यातल्या त्यात शहाणपणाचा. पण श्वास थांबत असेल तर आधी तपासणी, मग बाकीचं. मी मान खाली घालून बसले होते. इतकी वर्षं आवाज बंद करायच्या मागं लागले, बाईची तब्येत कशी आहे हे एकदाही विचारलं नाही. आणि वर माझंच कौतुक चाललेलं.

त्यांना मशीन दिलं. हवेचं असतं, लांब नळी आणि नाकावर मास्क. मळणीच्या बैलानं कणसं खाऊ नयेत म्हणून त्याच्या तोंडाला बांधतात ना, तसं. त्यांनी बघताक्षणी नाव ठेवलं, मुसकं. पहिले काही दिवस कुरकुर झाली, नाक कोरडं पडतं, नळी गळ्यात येते. मग एका दुपारी फोन आला. आवाज एखाद्या पोरीसारखा.

“ईनबाई, जमलं! शेजारीण येऊन ऐकून गेली. मांजराएवढाबी आवाज न्हाई. आता येऊ का मुक्कामाला?”

मी गॅसपाशी उभी होते. दूध उतू गेलं तरी मला हलता येईना. आता येऊ का. म्हणजे मी पाठवलेली एकेक वस्तू त्यांनी अट म्हणून घेतली होती. आधी आवाज बंद करा, मग लेकीच्या घरी झोपा. बारशाला बोलले ते त्यांनी इतकी वर्षं मनात धरून ठेवलं होतं, आणि मी अधूनमधून एकेक वस्तू पाठवून त्याची आठवण करून देत होते. नात लहान होती तेव्हा दर वेळी आजीचा पदर धरून रडायची, “माझ्याजवळ झोप ना गं.” आता ती दहा वर्षांची झाली. तिला पलंगावर एकटीला ऐसपैस झोपायला आवडतं.

मी नुसतं म्हटलं, “या की, घर तुमचंच आहे.” क्षमा तेव्हाही मागितली नाही.

आल्या. नातीसाठी शेंगदाण्याचे लाडू, आणि हातात मशीनची पिशवी, लेकरासारखी जपत आणलेली. दुपारी तुमच्यातल्या दोघीतिघी आल्या, गप्पा झाल्या. तुम्ही गेल्यावर त्या भिंतीवरच्या बटणाकडं बघत बसल्या. म्हणाल्या, “ईनबाई, रात्री लाइट गेली तर?” मी म्हटलं, इन्व्हर्टर आहे. “त्यो बंद पडला तर?” मी इन्व्हर्टर किती चांगला आहे ते सांगत बसले. त्यांनी ऐकून घेतलं, हसल्या, आणि चार वाजता पिशवीला गाठ मारली.

त्यांना इन्व्हर्टरबद्दल ऐकायचं नव्हतं गं. एक वाक्य ऐकायचं होतं, ते माझ्या तोंडातून निघालं नाही. आज लिहिते. चारचौघींत बोलले होते, म्हणून चारचौघींतच लिहिते. मीरा हा अंक कंधारला नेऊन त्यांना वाचून दाखवणार आहे.

शेवंताबाई, माझं चुकलं. बारशाला बोलले तेही चुकलं आणि नंतर डबाभर वस्तू पाठवल्या तेही चुकलं. लाइट गेली तर जाऊ द्या. तुम्ही खुशाल घोरा, मी शेजारच्याच गादीवर असेन. श्वास अडकला असं वाटलं तर हलवून कुशीवर करीन, तेवढं मला येतं. तुरीची रास झाली की या. दोन दिवस राहायच्या बेतानं या. आणि बाई, फार दिवस लावू नका.