उत्तराकाकूंची जादा वायर

उत्तराकाकू खुर्चीत बसल्या तरी त्यांचा उजवा पाय बसत नाही. टाच सारखी वर-खाली, वर-खाली. आमच्या शेजारी राहतात त्या, डोंबिवलीला. त्यांचे यजमान त्र्यंबककाका म्हणतात, "शिलाई मशीन विकलं, पण हिच्या पायाला कुणी कळवलंच नाही."

"तुम्ही बसताय ना दोघांच्या वाटचं? झालं मग!" हे उत्तर स्वयंपाकघरातून येतं, कारण तोवर काकू उठलेल्या असतात.

त्यांच्याकडे सगळं जोडीनं असतं. पर्समध्ये किल्ल्यांचे दोन जुडगे, कपाटात कुकरची जादा रिंग, बाथरूममध्ये नवाकोरा गीझरचा पाइप. 'असू दे हाताशी.' एकदा काका म्हणाले, "नवरासुद्धा एक जादा ठेवायचा होतास."

"एक सांभाळताना जीव जातोय माझा."

काकूंची नोकरी मानपाड्याला, एमआयडीसीतल्या रंगांच्या कारखान्यात. तिथले कॉम्प्युटर त्या लग्नाआधीपासून सांभाळतात. कुठल्या रंगात काय किती मिसळायचं, हे सगळं एका जुन्या प्रोग्रॅममध्ये आहे. तो बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली, प्रोग्रॅम मात्र आपल्या हट्टानं चालू आहे. त्याची बोलायची भाषा त्याच्या कंपनीची स्वतःची, इंटरनेटशी तिचा संबंध नाही. सकाळी कॉम्प्युटर लावला की तो वायरवर ओरडतो, 'सर्व्हर आहे का कोणी?' शेजारच्या खोलीतला सर्व्हर म्हणतो, 'आहे!' मग काम सुरू. कारखान्याच्या भिंतीपलीकडे काही जग आहे, हे त्याला ठाऊकच नाही.

मग मालकांच्या मुलानं, अद्वयनं, ठाण्याला कोलशेतमध्ये नवं ऑफिस घेतलं.

"काकू, ऑर्डरी आता तिथे घेणार. प्रोग्रॅम तिथे दिसायला हवा. सोमवारी सकाळी दिसला तर ठेवू. नाहीतर नवीन घेतो. त्या कंपनीची माणसंच सगळं बघतात. तुम्हीपण जरा आराम करा."

आराम! काकूंना तो शब्द शिवीसारखा लागला. घरी आल्या त्या चपलांसकट हॉलमध्ये.

"आराम कर म्हणाला तो मला!"

"बरं बोलला की पोरगा," काका शब्दकोड्यातून मान वर न करता म्हणाले.

"बरं? तुमच्यासारखं गॅलरीत बसून समोरच्या विंगमध्ये कोणाचं पार्सल आलं ते बघू?"

"मी कोडं सोडवतो."

"तेच ते! वेडी होईन मी, सांगून ठेवते. पंधरा दिवसांत."

त्या आठवड्यात काकूंनी घरात एकही चहा गरम प्यायला नाही. उपाय त्यांनी शोधला होता. जुन्या प्रोग्रॅमला नवी भाषा शिकवायची नाही, या वयात तो शिकणार नाही. त्याची चिठ्ठी तशीच्या तशी इंटरनेटच्या पाकिटात घालायची. मानपाड्याला वायरी जोडलेला एक डबा पाकीट बंद करणार, कोलशेतला दुसरा डबा ते फोडणार. प्रोग्रॅमला वाटणार, आपण अजून एकाच खोलीत आहोत.

शनिवारी त्यांनी कोलशेतचा डबा लावला, रविवारी मानपाड्याचा. कोलशेतला एका कॉम्प्युटरवर शिपायाला बसवून फोनवर विचारलं, "दिसतंय?"

"दिसतंय मॅडम. प्रोग्रॅमचं हिरवं पान आलं."

काकूंनी डोळे मिटले. पर्स उचलली, दारापर्यंत गेल्या आणि परत फिरल्या. इंटरनेटच्या लाइनी दोन होत्या. एक पडली तर? कोलशेतच्या डब्यात दुसरी त्यांनी आधीच जोडून ठेवली होती. इथे नुसती एक पिवळी वायर खोचायची बाकी होती. खोचली. असू दे हाताशी.

सोमवारी कोलशेतला जाताना माजिवड्याच्या सिग्नलला रिक्षा अडकली आणि फोन वाजला. गुणाजी. कारखान्यात रंग मिसळणाऱ्या खात्याचा मुख्य, मूळचा कणकवलीकडचा, आवाज असा की फोन कानापासून लांबच धरावा.

"म्याडम, हय काय एक दिसत नाय! सगळी मशीना थंड!"

"सगळी? अरे, तुमच्या तिथे काय व्हायचंय?"

"मरून रंग अर्धो पडलोहा टाकीत. पुढे काय घालू, माझा डोक्या?"

"काही घालू नकोस! हात लावू नकोस!"

कोलशेतला अद्वय स्क्रीनसमोर हाताची घडी घालून उभा होता. स्क्रीनवर 'सर्व्हर सापडला नाही.'

"काकू, कोलशेतचं सोडा. कारखानाच बंद पडलाय."

"काल चालत होतं रे."

"काल रविवार होता."

काकू बसल्या. टाच सुरू झाली. टेबलावरचं पाणी थरथरायला लागलं. फोन स्पीकरवर टाकून म्हणाल्या, "गुणाजी, डब्यावरचे दिवे बघ. कसे लागतात?"

"लागतत काय, गणपतीच्या मखरासारखे! सगळे एकदम, थांबणत नाय."

"मध्ये जरासुद्धा विझत नाहीत?"

"श्वास घेऊक फुरसत नाय त्यांका."

काकूंची टाच थांबली. अद्वयनं चमकून खाली पाहिलं. असं त्यानं लहानपणापासून कधी पाहिलं नव्हतं.

"माझ्याच हातानं," काकू हळूच म्हणाल्या. कारखान्यातल्या कॉम्प्युटरनं हाक मारली, ती पहिल्या लाइननं कोलशेतला आली. इथल्या डब्यानं ती दुसऱ्या लाइननं पुन्हा मानपाड्याला धाडली. तिथून पुन्हा इथे. सकाळपासून त्याच हाका गोल गोल फिरत होत्या, आणि सर्व्हरच्या उत्तराला वाट उरली नव्हती.

"गुणाजी, पिवळी वायर काढ."

"ती? ती तर तुम्हीच काल लावलीत."

"म्हणून सांगतेय ना!"

"नक्की? मागसून माझ्या नावान ओरडशात."

"ओढ!"

पलीकडे खट्ट झालं. मग नुसता पंख्याचा आवाज. मग गुणाजी म्हणाला, "इला, म्याडम! इला हिरवा पान! मरूनात आता निळो घालूचो दिसता!"

कोलशेतच्या स्क्रीनवरही हिरवं पान उघडलं. अद्वयनं दोन-तीन रंग काढून पाहिले. हसला.

"मानलं काकू. प्रोग्रॅम राहिला." काकूंनी आता कुठे पाणी प्यायलं. तो पुढे म्हणाला, "आणि बघा ना, इंटरनेटवरूनच चालतंय म्हटल्यावर तुम्हाला रोज मानपाड्याला यायचीपण गरज नाही. घरून बघा. मस्त गॅलरीत बसून."

काकूंनी ग्लास खाली ठेवला. ज्यासाठी आठवडाभर धावल्या, तेच पुन्हा समोर. तेही बक्षीस म्हणून.

"आणि लाइन पडली तर?" त्यांनी विचारलं.

"दुसरी आहे ना?"

"आहे, पण दोन्ही एकदम लावायच्या नाहीत. पाहिलंस ना आत्ता? पहिली पडली की ती काढायची आणि पिवळी लावायची. हातानं. घरून कशी लावू? तिथे माणूस लागतो."

स्पीकरमधून उत्साही आवाज आला, "म्याडम, मी लावीन की! त्यात काय?"

"गुणाजी, फोन ठेव."

"नाय, वायरच तर—"

"टाकी बघ तुझी! मरून काळा होईल!"

फोन कट झाला. अद्वयनं काकूंच्या पायाकडे पाहिलं. टाच पुन्हा वर-खाली, वर-खाली.

"बरं," तो म्हणाला. "मानपाड्यालाच या. वायर तुमच्या ताब्यात."

काकू उठल्याच होत्या. संध्याकाळी घरी आल्या, तर पर्समध्ये किल्ल्यांच्या दोन जुडग्यांशेजारी पिवळी वायर गुंडाळून ठेवलेली. मध्ये मानपाड्याला जाऊन ती गुणाजीकडून काढून आणली होती.

"झालं का मनासारखं?" काकांनी विचारलं.

"झालं."

"मग टेक की जरा."

काकू टेकल्या. आणि लगेच उठल्या.

"आता काय?"

"ही एकच आहे हो. वाटेत तुटली तर? कोपऱ्यावरच्या दुकानातून अजून एक घेऊन येते."