दाजी, घंटा आणि नवसागर

आमचा दाजी दौलत टेलिफोन खात्यात हंगामी फिटर होता. माणूस सरळ. इतका सरळ की जवळच्याचं डोकं फिरावं. त्याला बाहेरचं कुणी काही बोललं तर मी कानाखाली वाजवीन, पण मी बोलणार, माझा दाजी आहे.

संयुक्त महाराष्ट्राची गडबड जोरात होती. मोर्चा झाला की कुणीतरी लालबागच्या फुटपाथवरची टेलिफोनची लोखंडी पेटी उघडायचं आणि आतल्या वायरी कापायचं. खात्याने दाजीला सांगितलं, पेटीला घंटा लाव. दार उघडलं की समोरच्या पोलीस चौकीत वाजली पाहिजे. मोर्चात सगळ्यात मोठ्याने ओरडणारा आमचा दाजी, आणि पेटीला पहारा लावणारा पण तोच.

चाळीतली पोरं विचारायची, "दौलतदादा, तू नक्की कोणाच्या बाजूचा?"

"मुंबई मिळणार ती फोनसकट नको का रे?" दाजी म्हणायचा.

घंटा चालायची चौकीच्या पडवीतल्या काचेच्या बरण्यांवर. तीच तिची बॅटरी. आत पाणी, पाण्यात नवसागर विरघळवलेला. उन्हाळ्यात पाणी आटलं, नवसागर पण खलास झाला आणि घंटा मुकी झाली. सोमवारी साहेब तपासायला येणार होता. वाजली तर दाजी पर्मनंट, नाही वाजली तर घरी, असं तोंडावर सांगितलेलं. स्टोअरमध्ये नवसागर संपलेला. दाजीने बाजारातून पुडा आणला, तो चौकीच्या पायरीवरच गुंजाळ हवालदाराने धरला.

"नवसागर? दारूबंदी आहे माहीत आहे ना? दारू गाळायला हाच लागतो. हातभट्टी लावतोस काय?"

"हवालदारसाहेब, तुमच्याच घंटेला पाहिजे."

"घंटा नवसागर खाते होय?"

पुडा जप्त. दाजीला दुपारपर्यंत बाकावर बसवला, डोक्यावर तीच मुकी घंटा. मी जाऊन भांडलो तेव्हा दाजीला सोडलं, पुडा नाही सोडला. कल्हईला पण नवसागर लागतो म्हणून कल्हईवाल्याकडे गेलो, तर जप्तीचं ऐकून तो पण घाबरलेला. म्हणे पोलीस थंड होऊ देत, सोमवार जाऊ दे. सोमवार गेल्यावर त्या नवसागराचं काय लोणचं घालू?

उरली एकच जागा. चाळीच्या मागे रखमाबाईची भट्टी होती. आणि बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यापासून दाजी दारूचं नाव काढायचा नाही. तिची भट्टी बंद करायला चाळीची मीटिंग बोलावणारा पण हाच.

"मी तिच्या दारात जाणार नाही," दाजी म्हणाला.

म्हणून मी गेलो. रखमाबाई हसली. "तुझ्या दाजीला पाय नाहीत? त्याला पाठव. तोंडाने मागू दे."

मी घरी येऊन सांगितलं, तशी माझी बहीण शांता भडकली. "पंचशीलात नवसागर मागायला मनाई आहे का? उठा."

दाजी उठला. मी मागे.

"रखमाबाई, थोडा नवसागर द्या. घंटेसाठी."

"आणि मीटिंग?"

"मीटिंग होणारच."

मी कपाळावर हात मारला. रखमाबाई त्याच्याकडे बघत राहिली. मग पिठाच्या डब्यात हात घालून एक मोठा खडा काढला. "मेल्या, आज तरी खोटं बोलायचं होतंस," म्हणाली आणि दिला.

सोमवारी साहेबाने पेटीचं दार उघडलं आणि चौकीत घंटा अशी वाजली की गुंजाळच्या हातातला चहा सांडला.

"स्टोअरमध्ये नवसागर नव्हता ना? कुठून आणलास?" साहेबाने विचारलं.

"शेजारणीने दिला."

मी गुंजाळकडे बघितलं. शेजारीण कोण ते त्याला पक्कं ठाऊक, दर शनिवारी तिच्याकडेच बसायचा. त्याने मान वळवली आणि रस्ता बघायला लागला. साहेबाने सही केली. दाजी पर्मनंट.

येताना दाजी म्हणाला, "स्टोअरला माल आला की तिचा नवसागर परत द्यायला पाहिजे."

"सरकारी नवसागर हातभट्टीला देणार?"

तो तिथेच थांबला, भर ट्रामच्या रुळात. ट्रामवाला शिव्या घालतोय, मी दंड धरून ओढतोय, आणि हा पर्मनंट माणूस मलाच विचारतोय, "पण घेतलं ते परत करायला नको का रे?"