कापता येणारा फॉरमॅट

मांडवी गावातल्या आमच्या घरी अंगणात बायकोबरोबर आमसुलं वाळत घातली, ते आमचं दोघांचं शेवटचं काम. आजही तो आंबट वास आला की ती दुपार आठवते. ते काम टिपायला लेकीने दिलेला कॅमेरा लावला, तर मेला आधी फॉरमॅट विचारत होता. एक सरळ टीव्हीवर लागणारा, दुसरा कॉम्प्युटरवर कापाकापीला बरा. कुठला निवडावा, मी तिथेच अडलो.

ही करवादली, “कापायचा तोच लावा, माझ्या शिव्या तरी काढता येतील. नि हात चालवा, आळशी कुठले.”

तेव्हा डोकं फिरलं होतं. पुढे ती गेली. वर्षश्राद्धाला लेकीने त्या दुपारची फिल्म लावली, तर शिव्या सगळ्या कापलेल्या, वर बासरी. ही कोण गप्प बाई? मी जन्मभर जिच्याशी भांडलो ती कुठाय?

दुसऱ्या दिवशी सकाळी मूळ शूटिंग असलेला कॅमेरा लेकीपुढे आपटला. म्हटलं, “शिव्या परत जोड.”