वरातीतून परतलेला ट्रम्पेट

मंडळी, माझे चुलते नाना तरुणपणी मुंबईत जॅझ वाजवायचे. नंतर तीस वर्षं लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवला. आज धुळ्यात चौघांचं छोटं जॅझ रेकॉर्डिंग होतं. "हळू वाजवणं जमेल का रे आता?" सोनगीरहून येताना त्यांनी दोनदा विचारलं.

स्टुडिओत सुरुवात होताच सवयीनं नाना वाजवत चालू लागले, थेट दारापर्यंत.

"हाई वरात नही शे, नाना!" ड्रमवाला ओरडला. सगळे हसले, नानाही.

मग खुर्चीवर बसून त्यांनी इतकं हळुवार वाजवलं, की आम्ही हलायचं विसरलो.

"मधले श्वास काढून टाकतो," रेकॉर्डिस्ट म्हणाला.

"राहू दे भाऊ. बँडमध्ये मला ते कधी ऐकूच आले नाहीत."

तेवढा तुकडा त्यांनी तीनदा लावायला सांगितला.

तुमचं असं काय गोंगाटात राहून गेलंय?