पबातला हापसा

ज्याला दांडा आहे आणि जो ओढला किंवा दाबला की काहीतरी बाहेर येतं, अशी एकही वस्तू माझ्या धाकट्या जावेच्या वडिलांनी या पृथ्वीवर न हाताळता सोडलेली नाही. पहिल्यांदा न्यूझीलंडला आले, तेव्हा ऑकलंडच्या विमानतळावर आम्ही सगळे हार आणि फुगे घेऊन उभे, आणि हे पाऊण तास बाहेरच येईनात. जाऊ रडकुंडीला आली. शेवटी प्रकटले ते साबणाचा वास घेऊन. स्वच्छतागृहात भिंतीवर साबणाचे सहा पंप होते आणि त्यांतला चौथा दाबला की नुसता उसासा टाकत होता, तो चालू करून ते आले होते. आमच्या घरी आले की न्हाणीघरातली शाम्पूची बाटली कुरकुरायची थांबते. फिश अँड चिप्सच्या दुकानात टोमॅटो सॉसच्या मोठ्या डब्यावर जो पंप असतो, तो त्यांनी चिप्स येईपर्यंत खोलून, पुसून परत बसवला आहे. पेट्रोल पंपाबद्दल मात्र त्यांना आदर नाही. "याला दांडा नाही. बटण दाबायला माणूस कशाला लागतो?" असं ते म्हणतात.

याला कारण त्यांची नोकरी. तेहतीस वर्षं त्यांनी सातारा जिल्ह्यात गावोगावचे हापसे दुरुस्त केले. जीप, पाने, चामड्याच्या वायसरांची पिशवी आणि दोन मदतनीस एवढ्या लवाजम्यानिशी ते गावात शिरले की बायका कळशा घेऊन आधीच रांगेत उभ्या राहायच्या. "माझ्या हातून गेलेला हापसा सहा महिन्यांच्या आत परत रडला नाही," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं आहे की त्याची वेगळी नोंद ठेवणं सोडून दिलं. मी 'ते रापा' नावाच्या भागातल्या दूध पावडरच्या कारखान्यात क्वालिटीच्या खात्यात आहे. नोंदी ठेवणं हे माझं पोट आणि, नवऱ्याच्या मते, माझं व्यसन.

माणूस अत्यंत रीतीचा. ते मुलीचे वडील, मी मुलीच्या सासरची थोरली सून. त्यामुळे वयाने माझ्या वडिलांच्या बरोबरीचे असूनही ते मला 'अहो ताई' म्हणणार, मी खोलीत आले की अर्धवट उठणार, आणि चहाच्या दुसऱ्या कपाला दोनदा आग्रह केल्याशिवाय हो म्हणणार नाहीत. मी त्यांना काका म्हणते. काका, बसा हो, हे माझं त्यांच्याशी सर्वांत जास्त वेळा बोललं गेलेलं वाक्य असेल. ही सगळी रीत एकाच ठिकाणी गळून पडायची, ते म्हणजे पंपापाशी.

त्यांच्या दुसऱ्या मुक्कामातली गोष्ट. न्यू लिनहून, म्हणजे जावेच्या घरून, त्यांना घेऊन मी रोटोटुनाला आमच्या घरी आणत होते. वाटेत त्यांना 'जरा जाऊन यायचं' होतं आणि जवळपास एका जुन्या वळणाच्या इंग्लिश पबाशिवाय काही नव्हतं. काकांनी जन्मात दारूला स्पर्श केला नव्हता. मी बाहेर गाडीत बसले. वीस मिनिटं झाली. आत जाऊन बघते तर डोक्याला माकडटोपी, पायांत कोल्हापुरी चपला, असे काका बारसमोर हात जोडल्यासारखे उभे. पलीकडे एक बाई लाकडी मुठीचा उंच दांडा सावकाश आपल्याकडे ओढत होती आणि पेल्यात तपकिरी बिअर फुगत वर येत होती.

"ताई," ते कुजबुजले, कुंभमेळ्यात हरवलेला भाऊ सापडावा तशा आवाजात, "हापसा आहे!"

पंप बघायचा तर काहीतरी मागवायला हवं, म्हणून सर्वांत लहान पेला मागवला. काकांनी तो नाकाशी धरला, उजेडात धरला, एक घोट घेतला आणि डोळे मिटले. "आंबील," ते म्हणाले. "आपल्या ज्वारीच्या आंबिलीची ही थोरली बहीण. आणि बघा, फ्रीजमधली नाही, रांजणातल्याइतकीच गार." बाईंनी समजावलं की ही बिअर तळघरातल्या पिंपात जिवंत असते, तिच्यात वरून गॅस भरत नाहीत, म्हणून ती हाताने ओढून काढावी लागते. 'जिवंत' हा शब्द काकांना फार आवडला.

त्यानंतर पुढच्या तीन मुक्कामांत आम्ही असे नऊ पब पालथे घातले. आख्ख्या देशात हातपंपाची बिअर देणारे पब तेव्हा शोधूनच काढावे लागत. आम्ही कुठेही सहलीला निघालो की मी आधी फोन करून विचारायची. बाकीचे समुद्रावर टॉग्ज घालून पोहायला जायचे आणि मी व काका पबात. मी वहीत रकाने आखले: गाव, किती हापशांत पाइंट भरतो, फेस किती टिकतो, गारवा, काकांचा शेरा. काकांचे शेरे असे: "अडीच हापसे. सिलेंडर चांगला, बाई घाई करते." "चार दिवस विसरलेलं ताक." "दांडा उत्तम. माणूस ओढताना फोनवर बोलतो. शोभत नाही." ते दोन घोटांपुढे कधी गेले नाहीत. उरलेली बिअर शेजारच्या टेबलावरच्या माणसाला अदबीने देऊ करायचे आणि तो माणूसही बहुधा 'स्वीट ॲज', म्हणजे झकास, असं म्हणून घ्यायचा.

पंपाची खरी परीक्षा मात्र कानाने. गावाकडे ते पान्याचं एक टोक हापशाला आणि दुसरं कानाला लावत. विमानात पाना काढून घेतला, तेव्हा त्यांनी माझ्या स्वयंपाकघरातलं लाटणं मागून घेतलं. बारवर वाकून, पंपाच्या बुंध्याला लाटणं टेकवून, दुसऱ्या टोकाला कान लावून ते उभे राहिले की मी भिंतीवरची चित्रं बघत राहायची. "पंप आधी आवाजात बिघडतो, ताई, मग हातात. या, ऐका." मी ऐकायची. मला चुक्-चुक् याखेरीज काही ऐकू यायचं नाही.

"आलं ऐकू?"

"हो काका."

"खोटं," ते शांतपणे म्हणायचे आणि लाटणं पुसून पिशवीत ठेवायचे.

एकच इच्छा राहिली होती. एकदा तो दांडा स्वतः ओढायचा. नऊही ठिकाणी त्यांनी आपल्या जिल्हा कचेरीतल्या इंग्रजीत अर्ज केला, "रिस्पेक्टेड सर, काइंडली परमिट वन स्ट्रोक," आणि नऊही ठिकाणी हसून नकार मिळाला. बारच्या पलीकडे गिऱ्हाइकाने यायचं नाही. काका रीतीचे, पुन्हा विचारायचे नाहीत.

दोन हजार पाचच्या मुक्कामात त्यांनी जाहीर केलं की आता पुन्हा येणं नाही, गुडघे विमानात दुमडत नाहीत. परत जायला नऊ दिवस उरले होते, तेव्हा आम्ही इथल्याच केंब्रिज गावाच्या वाटेवरच्या एका लहान पबात गेलो. मालक यॉर्कशरचा, पोट बारवर विसावलेलं. पंप त्याच्या आजोबांच्या गावच्या पबातला, बोटीने आणलेला. काकांनी पाऊल ठेवलं आणि लाटणं काढायच्या आधीच थबकले. मालक दांडा ओढत होता आणि नळातून थुंकल्यासारखी बिअर येत होती, निम्मी हवा.

"सॉरी, मेट," मालक म्हणाला. "म्हातारा दमला. याचे भाग मिळत नाहीत. येत्या शनिवारी काढून टाकतोय, गॅसचा नळ बसवणार."

काकांचा चेहरा असा झाला की मला वाटलं त्यांना चक्कर येतेय. लाटणं लावलं, दोन वेळा ओढायला सांगितलं. "सर," ते म्हणाले, "ही इज नॉट टायर्ड. ओन्ली हिज वायसर."

मी भाषांतर केलं. मालकाने माकडटोपीपासून चपलांपर्यंत त्यांना एकदा पाहिलं. "शुक्रवारपर्यंत," तो म्हणाला. "नाही जमलं तर शनिवारी निघणार."

पंप खोलला, आतला जुना वायसर हातात पापडासारखा मोडला. काकांची नजर हळूहळू खाली, स्वतःच्या चपलेकडे वळली.

"काका, चपलेला हात लावायचा नाही," मी म्हटलं. "लोक पिणार आहेत त्यातून."

"कमावलेलं चामडं आहे, ताई. पाच वर्षांचं मुरलेलं."

"तेच म्हणतेय मी."

केंब्रिज हे घोड्यांचं गाव. खोगिरं शिवणाऱ्या एका बाईंकडून कोरं, बिनरंगाचं चामडं आणलं. ते खायच्या वस्तूला चालेल ना, हे मी तीनदा विचारून वहीत लिहून घेतलं. काकांनी रात्री जेवणाच्या टेबलावर चामड्याच्या वाट्या कापल्या, एका औषधाच्या बाटलीच्या बुडावर वळवल्या आणि तेहतीस वर्षांच्या रिवाजाप्रमाणे शेंगदाण्याच्या तेलात भिजत घातल्या. खाण्याचं तेल, माझी हरकत नव्हती. बुधवारी वायसर बसला. दांडा असा भरून आला की मालकाच्या तोंडून शिट्टी निघाली. पहिल्या ओढीला अर्धा पेला, ना थुंकी ना उसासा. बारमधल्या चार म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या.

आणि मग सगळे पेल्याकडे बघत राहिले. फेस नव्हता. बिअर कोऱ्या चहासारखी सपाट. दुसरा पेला तसाच, तिसरा तसाच. एक म्हातारा म्हणाला, "लूक्स लाइक बाथ वॉटर," आणि मालकाने खांदे उडवले.

परतताना काकांनी लाटणं पिशवीच्या तळाशी खुपसलं. घरी आल्यावर म्हणाले, "पाण्याला फेस नसतो, ताई. मला पाण्याचंच कळतं. उगाच शिरलो त्यांच्यात." दुसऱ्या कपालाच काय, पहिल्या कपालाही ते नाही म्हणाले. मुलीला फोन करून आधीचं तिकीट मिळतं का, तेही विचारलं.

मला झोप येईना, म्हणून पहाटे उठून वही काढली. सहावा पब. फेसाच्या रकान्यात माझ्याच अक्षरात: 'लगेच गेला. बारवरची मुलगी चिप्स खात होती, बोटं तेलकट, पेल्याच्या कडेला लागली.' दुधाच्या कारखान्यात नोकरी करणाऱ्या बाईला हे आधी सुचू नये! मी वही घेऊन तशीच काकांच्या खोलीच्या दारात गेले. ते जागेच होते, पलंगावर बसून मोज्यांची घडी घालत.

"काका, तेल. तेल फेस मारतं."

त्यांनी वही घेतली, चष्मा लावला, सहावी ओळ दोनदा वाचली. मग उठून थेट स्वयंपाकघरात गेले आणि गॅसवर पाणी ठेवलं. "कोरं चामडं आहे ना शिल्लक? नवी वाटी वळवून कोमट पाण्यात टाकू. तेहतीस वर्षं तेलात भिजवतोय. एकाही बाईने सांगितलं नाही की पाण्याला फेस येत नाही म्हणून!" आणि ते इतके हसले की माझी मुलगी जागी होऊन विचारायला आली, "इज आजोबा ओके?"

गुरुवारी त्यांनी पंप कोमट पाणी आणि सोड्याने चारदा धुतला, मी पाचव्यांदा धुतला. नवा वायसर बसला. मालक बारच्या फळीपाशी आला, फळी वर उचलली आणि काकांना म्हणाला, "युवर पुल, सर."

काकांनी आधी चपला काढल्या. माकडटोपी काढून माझ्या हातात दिली. दांडा दोन्ही हातांत धरून त्यांनी तो इतका सावकाश ओढला की बारमधले म्हातारे पेले खाली ठेवून बघू लागले. एक. दोन. अर्धा. पेल्यावर दोन बोटं फेस चढला आणि थांबला. मी घड्याळ लावलं; सात मिनिटांनी बंद केलं, कारण तोवर काका डोळे पुसत होते आणि कुणाला घड्याळ बघायचं नव्हतं.

जाताना चार जादा वायसरांचा एक डबा त्यांनी माझ्याकडे दिला. "मालकाकडे नको, तो हरवेल."

त्याला आता चार वर्षं झाली. गेल्या शनिवारी दुपारी दोनला मी त्या पबात होते. सातारला सकाळचे साडेसात, म्हणजे काकांची पूजा आटोपलेली. अधूनमधून मी त्यांना फोन लावून पंपाशी धरते, ते ऐकून "ठीक" म्हणतात. या वेळी धरला, मालकाने दांडा ओढला, आणि पलीकडून काही नाही.

"काका, ऐकलं का?"

"नाही हो ताई," ते मोठ्याने म्हणाले. "यंत्र लावलंय कानात, तेच शिट्टी मारतं. पंप काही येत नाही आता. तुम्हीच ऐका. लाटणं आहे ना?"

लाटणं होतं. कसं कोण जाणे, दरवेळी पिशवीत असतंच. मी बारवर वाकले, बुंध्याला एक टोक टेकवलं, दुसऱ्याला कान लावला. भिंतीवरची चित्रं तशीच होती. मालकाने दांडा ओढला. चुक्. आणि त्या चुक्-च्या जरा आधी, कुणीतरी दातांतून श्वास घ्यावा तसं बारीकसं काहीतरी.

"काका," मी फोनवर ओरडले, "वर येताना हवा घेतोय. वायसर."



"खरं," ते म्हणाले. "डबा तुमच्याकडेच आहे. रात्रभर कोमट पाण्यात ठेवा. आणि ताई, तेल नको बरं का."