गडग्यापलीकडची भाजी

२०१९ साली मी एकाहत्तर वर्षांचा होतो, आणि गडग्यापलीकडच्या वहिनीने भाजीला पाणी घातलेलं मला बघवत नव्हतं. गडगा म्हणजे आमच्या दोघांच्या परसांमधली रचलेल्या दगडांची भिंत, छातीएवढी. तांदूळ धुतलेलं, मासळी धुतलेलं, कुठलंच पाणी ती वाया घालवत नसे. वेलाच्या बुडाशी तांब्या ओतताना म्हणायची, "घ्या बाई, तुमचंच तुम्हाला."

मी चौथीपर्यंत शिकलेला, पण मातीतलं मला कोणी शिकवू नये. मी नांगरणीचा पॉवर टिलर आणला, गोणीतलं खत आणलं, मांडवाला लोखंडी पाइप लावले. तिच्याकडे एक कुदळ, चुलीची राख आणि बुरोंडी बंदरावरच्या तिच्या भावाने दिलेलं मासेमारीचं फाटकं जाळं. त्या जाळ्यावर तिचं पडवळ चढायचं. तुम्ही दोघांची पडवळं शेजारी ठेवून बघितली असतीत, तर तिच्याच पडवळाला हात लावला असतात. मीही लावला असता, म्हणून तर राग.

माझ्या आंब्याच्या कलमांचा पाला ती मागायची. "भावोजी, जाळू नका. मी कुजवते." मी त्याच संध्याकाळी पेटवायचो. दुसऱ्या दिवशी ही गडग्याशी हजर. "मग राख तरी द्या." राखेला नाही म्हणायला मला तोंड नसे.

एकदा तिचा काकडीचा वेल आमच्या बाजूला उतरला. चांगली पिवळी काकडी. माझ्या हद्दीत आली ती माझी, असं म्हणून मी तोडली, बायकोने गूळ घालून धोंडस केलं. चार दिवसांनी वहिनी विचारते, "भावोजी, काकडी कशी होती?"

"कुठली काकडी?"

"बियाण्याला ठेवलेली. बिया तरी टाकल्या नाहीत ना?"

आमची बायको आतून पदर तोंडाला लावून बियांची पुडी घेऊन आली. तिने आधीच सुकवून ठेवल्या होत्या.

हे सगळं मी गिळलं. ऋषीपंचमीचं मात्र गिळवेना. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, हाताने खणलेल्या मातीतलीच भाजी चालते. माझी आई होती तोवर सगळ्या वाडीच्या बायका टोपल्या घेऊन आमच्या परसात यायच्या. टिलर आल्यावर त्या पलीकडे जायला लागल्या. माझी बायकोसुद्धा.

"मशीन म्हणजे बैल नव्हे," मी वहिनीला सुनावलं.

"नव्हेच. पण भावोजी, हात तरी कुठे आहेत?"

बाकी मला काही नको होतं. टोपल्या पुन्हा आमच्या दारी याव्यात, एवढंच.

त्या वर्षी आषाढात ती घसरून पडली. कंबर मोडली. मुलगा मुंबईला घेऊन गेला. गणपतीच्या दिवशी आमच्याकडे आरतीला आलेल्या बायका म्हणाल्या, "आबा, उद्याच्या भाजीला तुमच्याकडेच येतो. वहिनींचं दार बंद." मी म्हटलं, "या की." दोन घास जास्त जेवलो.

दुपारी वहिनीचा फोन आला. आवाज बारीक झाला होता.

"भावोजी, माझ्या परसात काय आलंय हो?"

मी गडग्याशीच उभा होतो. पलीकडे लाल माठ गुडघाभर, भेंडी तोडायला आलेली, पडवळांनी जाळं खाली ओढलेलं. कोणी पाणी घातलं नव्हतं, कोणी खत घातलं नव्हतं.

"गवत," मी म्हटलं.

 ती म्हणाली, "असू दे. मग बायकांना तुमच्याकडचं द्या. कोवळं बघून द्या हो, म्हाताऱ्यांना दात नाहीत."

तेवढंच आमचं शेवटचं बोलणं. दिवाळीच्या आधी ती तिकडेच गेली.

पण त्या फोनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बायका टोपल्या घेऊन आल्या, तेव्हा मी गडग्याचे वरचे दगड उतरवून वाट करून ठेवली होती.

"पलीकडे जा," मी म्हटलं. "माझ्या मातीत मशीन फिरलंय. बैलच तो."